लोकशाहीच्या पहारेकऱ्याची भाकरी

निवडणूक भरविण्याचा खर्च सरकारी खजिना सोसतो. पक्ष चालविण्याचा खर्च धनिक उचलतात, आणि तो ते कशासाठी उचलतात हे कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु निवडून गेलेल्यांनी पाच वर्षे काय केले, अंदाजपत्रकातील पैसा कोठे मुरला, पक्षांच्या तिजोऱ्या कोणी भरल्या, याचा जाब सामान्य नागरिकाच्या वतीने जो विचारतो, त्याच्या भाकरीची तजवीज कोणी करावयाची? आफ्रिका खंडातील एका संस्थेच्या जन्ममरणाने हा प्रश्न साऱ्या लोकशाही जगापुढे उभा केला आहे. दक्षिण आफ्रिकेतील ‘इडासा’ ही ती संस्था. १९८६ साली ती जन्मास आली आणि २०१३ साली बंद पडली. ज्या राजवटीशी झगडण्यासाठी ती निघाली होती, तिला ती पुरून उरली. मात्र पैशाच्या टंचाईपुढे तिचा टिकाव लागला नाही.

आजच तिची आठवण होण्यास कारण आहे. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी साहाय्याची आपली ‘युसेड’ ही यंत्रणा गुंडाळली व उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याच्या हवाली केले. आफ्रिकेत मतदारांना जागृत करणाऱ्या, निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कित्येक संस्था याच ओघावर जगत होत्या. बारा वर्षांपूर्वी जे इडासाच्या वाट्यास आले, ते आता अनेकांच्या वाट्यास येत आहे.

इडासाचा जन्म एका राजीनाम्यातून झाला. फ्रेडरिक व्हान झिल स्लाबर्ट हे केपटाऊनच्या संसदेतील विरोधी पक्षनेते. त्या संसदेत गोऱ्यांसाठी एक सभागृह होते; १९८४ पासून मिश्रवर्णीयांसाठी व हिंदी लोकांसाठी आणखी दोन सभागृहे जोडण्यात आली होती. परंतु देशातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना तेथे तसूभरही जागा नव्हती. अशा सभागृहात बसून विरोधाची भाषणे करणे म्हणजे अन्यायाला शोभा आणणेच होय, या निष्कर्षाप्रत येऊन स्लाबर्ट यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये राजीनामा दिला. त्यांचे सहकारी अलेक्स बोरेन हेही मागोमाग बाहेर पडले, आणि दोघांनी मिळून ही संस्था काढली.

तिचे पहिले मोठे धाडस १९८७ च्या जुलैमध्ये घडले. सुमारे साठ प्रतिष्ठित दक्षिण आफ्रिकी नागरिकांना, ज्यांत बहुसंख्य आफ्रिकानर गोरे होते, तिने सेनेगलची राजधानी डाकार येथे नेले आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या प्रतिनिधींसमोर बसविले. ही काँग्रेस १९६० पासून बंदी घातलेली संघटना. तिच्याशी बोलणे म्हणजे राजद्रोह, अशीच प्रिटोरियाच्या सत्ताधाऱ्यांची धारणा. काँग्रेसच्या बाजूने थाबो एम्बेकी बोलत होते. सरकार संतापले, वृत्तपत्रांतून झोड उठली. पण पुढे तीनच वर्षांत, फेब्रुवारी १९९० मध्ये, त्याच सरकारला काँग्रेसवरील बंदी उठवून वाटाघाटींना बसावे लागले.

१९९४ साली सर्वांना मताधिकार मिळाला. सामान्य कार्यकर्ता येथे कृतार्थ होऊन घरी गेला असता. इडासाने नेमके ओळखले की, खरे काम आता सुरू झाले आहे. तिने मतदारांना शिक्षण दिले, नगरपालिकांच्या सभासदांना कारभाराचे धडे दिले. १९९५ पासून तिने देशाचे अंदाजपत्रक उलगडून दाखविण्याचे काम हाती घेतले. संसदेची अर्थसमिती व एक संशोधन-संस्था यांच्या सहकार्याने स्त्रियांच्या वाट्यास सरकारी खर्चातील किती येते याची छाननी तिने केली. १९९९ साली घानातील लोकशाही विकास केंद्र व अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठ यांच्यासह तिने ‘आफ्रोबॅरोमीटर’ हा लोकमत-पाहणीचा उपक्रम उभारला. बारा देशांत सुरू झालेली ही पाहणी पुढे ३९ देशांत पसरली. आफ्रिकेतील माणसाला लोकशाहीचे सोयरसुतक नाही, असे परक्यांनी परस्पर ठरविण्याचे दिवस तिने संपविले. सरासरीने दर तिघांतील दोघे अन्य कोणत्याही राज्यपद्धतीपेक्षा लोकशाहीच पसंत करतात, असे ही पाहणी सांगते.

आणखी एका कामाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. राजकीय पक्षांना देणग्या देतो कोण, हे जाणण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे म्हणून इडासा सत्ताधारी काँग्रेससह प्रमुख पक्षांविरुद्ध न्यायालयात गेली. ज्यांना डाकारमध्ये भेटण्यासाठी तिने एकेकाळी शिव्याशाप सोसले, त्यांनाच तिने हिशेब विचारला! २००५ साली ती तो दावा हरली. परंतु २०१८ मध्ये दुसऱ्या एका नागरिक संघटनेच्या अर्जावर घटना-न्यायालयाने तोच हक्क मान्य केला आणि १ एप्रिल २०२१ पासून देणग्या उघड करण्याचा कायदा तेथे अमलात आला. तेव्हा तो निकाल व तो कायदा पाहण्यास इडासा हयात नव्हती.

ती का गेली? तिचा निर्वाह मुख्यतः परदेशी देणग्यांवर होता. वर्णभेदाच्या काळात युरोप-अमेरिकेतील दात्यांना तिचे कौतुक होते. देश लोकशाही झाला, मध्यम उत्पन्नाच्या राष्ट्रांत त्याची गणना होऊ लागली, तशी दात्यांची दृष्टी अन्यत्र वळली. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने उरलेला ओघही आटला. गरज सरो, वैद्य मरो, हा न्याय येथे लागू झाला. पण रोगी खरोखर बरा झाला होता काय? याच सुमारास अध्यक्ष जेकब झुमा यांच्या कारकीर्दीत सरकारी कंपन्यांची जी लूट चालली होती, ती पुढे न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने चव्हाट्यावर आणली. १९९९ साली नोंदलेल्या मतदारांपैकी ८९ टक्के लोक मतदानास आले होते. २०२४ साली ते प्रमाण ५९ टक्क्यांहूनही खाली गेले. बंदुकीच्या छायेत ज्यांनी मताचा हक्क मिळविला, त्यांची मुले आज घरी बसत आहेत.

परदेशी पैशावर चालणाऱ्या पहाऱ्यात आणखी एक धोका असतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा आरोप सत्ताधाऱ्यांना आयताच सापडतो. इथिओपियाने २००९ साली कायदाच केला की, ज्या संस्थेच्या उत्पन्नाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग परदेशातून येतो, तिने मानवी हक्क व लोकशाही यांच्या वाटेस जाऊ नये. २०१९ मध्ये तो रद्द झाला. पण दहा वर्षांत तेथील स्वतंत्र संस्थांची वाताहत झाली. हा आरोप बहुधा लबाडीचा असतो, कारण तो करणारी सरकारे स्वतः परदेशी कर्जे व मदत दोन्ही हातांनी घेत असतात. परंतु तो लोकांना पटतो, हे नाकारून चालणार नाही. नागरिकाच्या नावाने बोलणाऱ्या संस्थेत नागरिकाचा एक पैसाही नसेल, तर तिच्या मदतीस धावून जाण्याची निकड त्याला वाटावी कशी?

दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरच या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वी दिले गेले आहे. १८९४ साली गांधीजींनी नाताळ हिंदी काँग्रेस स्थापन केली, तेव्हा दरमहा किमान पाच शिलिंग वर्गणी ठरली. एका यजमानाने सहा पौंडांऐवजी तीनच पौंड देऊ केले, तेव्हा गांधीजी व त्यांचे सोबती रात्रभर त्याच्या घरी उपाशी बसून राहिले आणि पहाटे सहा पौंड घेऊनच जेवले, हा प्रसंग ‘आत्मकथे’त आहे. सार्वजनिक संस्थेने कायमच्या निधीवर न जगता लोकांच्या चालू वर्गणीवर जगावे, म्हणजे लोकांचा विश्वास उडताच तिला ते कळेल, असा धडा त्यांनी तेथेच घेतला. बाहेरची मदत त्यांनी वर्ज्य मानली नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ट्रान्सवालच्या सत्याग्रहींसाठी हिंदुस्थानात हाक दिली आणि १९०९ साली मुंबईच्या रतन टाटांनी पंचवीस हजार रुपये धाडले, ते त्यांनी कृतज्ञतेने स्वीकारले. मात्र मुंबईचा पैसा पोचण्यापूर्वी तेथील फेरीवाले व दुकानदार पदरचे देऊन आणि तुरुंगात जाऊन मोकळे झाले होते. दूरच्या मित्राची मदत अशाच चळवळीला पचते.

म्हणून युसेड गेली याचा आनंद मानणाऱ्यांत आम्ही नाही. एका फटक्यात आधार काढून घेणे ही क्रूरता आहे आणि तिची किंमत गरीब देशांतील नागरिक मोजतील. गरीब देशांतील संस्थांना बाहेरचा आधार आणखी बराच काळ लागेल. तो न लहरता मिळावा ही श्रीमंत राष्ट्रांची जबाबदारी आहे. परंतु जोहान्सबर्ग, नैरोबी, अक्रा येथे आता सुस्थित मध्यमवर्ग उभा राहिला आहे. आपल्या पहारेकऱ्याची भाकरी त्याने आपल्या चुलीवर भाजण्यास प्रारंभ केला पाहिजे.

आणि आपण? निवडणूक रोख्यांची गुप्तता १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, तीही नागरिकांच्या संस्था न्यायालयात गेल्या म्हणूनच. निकालाच्या दिवशी सुशिक्षितांच्या घरोघरी समाधान व्यक्त झाले. उत्सवाला, देवळाला, शाळेला सढळ हाताने वर्गणी देणाऱ्या या घरांपैकी किती घरांनी असा हिशेब मागणाऱ्या संस्थेला कधी वर्षाकाठी शंभर रुपये दिले आहेत? इडासाच्या अंतास परकी दात्यांची विस्मृती कारण झाली. आपल्याकडे अशी एखादी संस्था उद्या मिटली, तर दोष द्यावयास परके दातेही सापडणार नाहीत.