बिल्ल्यावर नंबर आहे, नाव कुठे आहे?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साध्या कपड्यांत दिसणाऱ्या तरुणाच्या हाती पांढरे पीस देऊन त्याला भित्रा ठरवले जाई. म्हणून युद्धसामग्रीच्या कामगारांना ‘ऑन वॉर सर्व्हिस’ असा बिल्ला मिळाला. १९१६ मध्ये स्त्री कामगारांसाठी त्रिकोणी बिल्ला निघाला. आज संग्राहक हे बिल्ले विकत घेतात. प्रकार, साल, नंबर नोंदवतात. हे संशोधन अर्धेच आहे.

५ डिसेंबर १९१६ ला लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात स्फोट होऊन ३५ स्त्रिया मेल्या. सरकारने बातमी दाबली. टीएनटीने कातडी पिवळी पडायची, तेही बिल्ला सांगत नाही. ते मृत्यूच्या नोंदींत आणि घरच्यांच्या आठवणींत शोधावे लागते.

साथींनो, दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही आपल्यासारखीच माणसे राबत होती. घरच्या पेटीत त्या काळचे टोकन, पास सापडला तर भंगारात घालू नका. आजीला विचारा: नाव, गाव, खाते, पगार, अपघात. लिहून ठेवा. नंबर मालकाने दिला. नाव आपणच नोंदवायचे आहे.

जय भीम!