टॉयलेटमध्ये मोबाईल नेल्याने मूळव्याध होते का?

टॉयलेटमध्ये मोबाईल वापरला की मूळव्याध होते, अशा बातम्या सप्टेंबर २०२५ पासून फिरत आहेत. त्यांचा उगम अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये आहे. तिथल्या बेथ इस्रायल डीकॉनेस मेडिकल सेंटरमध्ये कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या, वयाची पंचेचाळिशी गाठलेल्या १२५ जणांना डॉक्टरांनी त्यांच्या सवयी विचारल्या. त्यातले ६६ टक्के लोक टॉयलेटमध्ये फोन वापरत होते. वय, वजन, व्यायाम, आहारातला चोथा हे सगळं जमेस धरूनही त्यांच्यात मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. ‘प्लॉस वन’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मग फोन दोषी आहे का?

थेट नाही. फोनमुळे बसण्याचा वेळ वाढतो. फोन नेणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोक पाच मिनिटांहून जास्त बसायचे, न नेणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्के. कमोडच्या सीटला मध्ये आधार नसतो. त्यामुळे बराच वेळ बसलं की गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन त्या फुगतात, असं संशोधक म्हणतात. पण उलटंही असू शकतं. ज्याला आधीच त्रास आहे तो जास्त वेळ बसतो, म्हणूनच फोन नेतो. १२५ जणांच्या एकवेळच्या पाहणीतून याचा निकाल लागत नाही.

बातमी मीमसाठी उत्तम आहे, हे मान्य. पण तिच्यातली एक गोष्ट निसटली. या लोकांना मूळव्याध आहे की नाही, हे दुर्बिणीने पाहून ठरवलं होतं. आपल्याकडे ते अनेकदा घरीच ठरतं. रक्त दिसलं की ‘उष्णता झाली’ म्हणायचं, लाजेपोटी मेडिकलमधून मलम आणायचं, नाहीतर भिंतीवरच्या ‘विना ऑपरेशन’ जाहिरातीतला नंबर फिरवायचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही शौचातून रक्त जातं, आणि अशा घरगुती निदानात महिने निघून जातात.

खरं तर ऑपरेशनची भीती बऱ्याचदा विनाकारण असते. सुरुवातीची मूळव्याध चोथायुक्त आहार, भरपूर पाणी, इसबगोल आणि कोमट पाण्यात बसून घेतलेला शेक यांनी आटोक्यात येते. तेवढ्याने भागलं नाही तर कोंबाला रबर बँड लावतात. त्यासाठी सहसा भरती व्हावं लागत नाही. कोंब बाहेरच राहत असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, शौच काळं होत असेल, वजन घटत असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर मलमावर थांबू नका. पहिली तपासणी काही मिनिटांची असते. संकोच वाटत असेल तर महिलांनी महिला डॉक्टरांची वेळ मागावी.