आरोग्यासाठी कर : उपकार नव्हे, समाजधर्म

करातून सर्वांसाठी आरोग्यसेवा उभारावी, असे कोणी म्हटले की सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कपाळावर आठ्या उमटतात. ‘कर आम्ही भरायचा आणि फुकट उपचार इतरांनी घ्यायचे?’ हा त्याचा ठरलेला सवाल. जोडीला ‘हा तर समाजवाद’ असा शिक्काही तयारच असतो. हे दोन्ही आक्षेप फोल आहेत.

कर म्हणजे केवळ प्राप्तिकर नव्हे. मोलकरीण साबणाची वडी घेते, हमाल चपलांचा जोड घेतो, तेव्हा तेही वस्तू व सेवा कर भरतात. राजकोषात त्यांचाही वाटा आहे. म्हणून त्यांचा उपचार ही कोणी घातलेली भीक ठरत नाही. २०१८ पासून प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. म्हणजे तत्त्व देशाने केव्हाच मान्य केले आहे.

राहिला समाजवादाचा शिक्का. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववाद मांडताना पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी शिक्षणाप्रमाणेच वैद्यकीय उपचारही विनामूल्य असावेत, असे प्रतिपादन केले होते. ते काही मार्क्सचे शिष्य नव्हते! समाज हा सजीव देह आहे. पायात काटा रुतला तर हाताने तो काढायचा असतो, पायाकडे दाम मागायचे नसते, एवढी साधी ही भूमिका आहे.

पैशाअभावी कोणीही उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच बजावले होते. महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनने १९४८ मध्ये करांच्या बळावर अशी सेवा सुरू केली. भारतात मात्र नियोजनाचा डंका पिटणाऱ्यांनी भोर अहवाल बासनात गुंडाळला. परिणामी २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील दर १०० रुपयांतले ६४ रुपये थेट रुग्णाच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे कवच दिले, हे निःसंशय मोठे काम आहे.

पण आपल्यांचे कौतुक करताना हिशेब विसरणे ही निष्ठा नव्हे. २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के सरकारी खर्च आरोग्यावर व्हावा, असे २०१७ चे धोरण सांगते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. शिवाय आयुष्मानचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीचा भार घरावरच राहतो. मध्यमवर्गाच्या आरोग्य विम्यावरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, हे चांगलेच झाले. तरीही हप्ता वयाबरोबर चढतो आणि उत्पन्न मात्र निवृत्तीबरोबर आटते. सार्वजनिक रुग्णालय सुदृढ असावे, ही गरज त्याचीही आहेच.

‘समाजाने सेवाकार्ये उभारावीत, शासनाकडे कशाला पाहायचे?’ असेही काही कार्यकर्ते म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय काय किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती काय, ही कामे अभिमानास्पदच आहेत. पण परगावचा रुग्ण परळला आसरा शोधतो, कारण त्याच्या जिल्ह्यात तो उपचार नसतो. सेवेने त्याचे अश्रू पुसले जातात. त्याचा मुंबईचा फेरा चुकवणे मात्र शासनाच्याच हाती आहे.

म्हणून करदात्याने कर चुकवण्याच्या वाटा शोधू नयेत. भरलेल्या कराचा जाब आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात उभे राहून विचारावा. सरकार आपल्या विचाराचे असेल, तर अधिकच निर्भयपणे विचारावा!