हीट पंप वीज खातोय, की मॉडेल चुकतंय?

अमेरिकेत घरगुती हीट पंपवरची केंद्रीय करसवलत 2025 अखेर संपली. आता तो घ्यायचा की नाही, हे बिलाच्या अंदाजावरच ठरणार. असंच एक घर मी एनर्जीप्लसमध्ये चालवलं, तर हिवाळ्यातली वीज जवळपास दुप्पट! आधी वाटलं, हिशेब चुकला (आउटपुट ज्यूलमध्ये येतं, 36 लाख ज्यूल म्हणजे 1 युनिट). तो बरोबर होता. मग तासातासाचा आलेख काढला. रोज सकाळी 6 ला सुळका! थर्मोस्टॅट 16 वरून एकदम 21 अंशांवर जायचा आणि पूरक हीटर पेटायचा. 1 युनिट विजेत हीट पंप साधारण 3 युनिट उष्णता देतो, हीटर फक्त 1. बाहेर किती तापमानापर्यंत हीटर चालू द्यायचा, ही मर्यादा डिफॉल्ट 21 अंश असते. म्हणजे अख्खा हिवाळा मोकळं रान. ती 0 वर आणली, थर्मोस्टॅट टप्प्याटप्प्याने चढवला, सुळका गेला. पण खऱ्या घरातही हेच सेटिंग राहिलं, तर तिथलं बिल खरंच येतं.