जमाखर्च कोणी मागायचा?

खोपोलीच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराचा मुलगा महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा शिक्षणशुल्काबरोबर जिमखाना, विद्यार्थी कल्याण अशा सदरांखालीही पैसे भरतो. त्यांतले स्नेहसंमेलनावर किती गेले आणि गरजूंच्या पुस्तकांवर किती, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या प्रतिनिधीचा. पण १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका संपवून गुणवत्तेवर नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणूक परत दिली. २०१९ मध्ये ती लांबणीवर पडली. लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराच्या ५,००० रुपयांचा हिशेब दोन आठवड्यांत मागितला, हे योग्यच. मात्र निधीचा ताळेबंद सूचनाफलकावर लागलेला आम्ही, इतकी वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही, पाहिला नाही. तरुण कार्यकर्त्यांनी यंदा शुल्काच्या पावतीबरोबर गतवर्षीचा जमाखर्चही लेखी मागावा.