विश्लेषण : बाळातील जन्मदोष टाळण्यात आईच्या प्रतिकारशक्तीची भूमिका काय?

गरोदरपणाची नोंदणी झाली की हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्हीच्या चाचण्या होतात, सोनोग्राफी होते. पण ‘रुबेलाची लस घेतली आहे का,’ हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. विचारला गेला तरी तोवर उशीर झालेला असतो, कारण ही लस गरोदरपणात देता येत नाही. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर भागांत राज्यभरातून आणि परराज्यांतून तरुण कुटुंबे येऊन स्थायिक होत आहेत. लहानपणीचे लसीकरण कार्ड अनेकींकडे नसते. त्यामुळे हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

रुबेलाचा गर्भाला धोका किती?

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मोठ्यांमध्ये हा आजार सौम्य असतो. थोडा ताप, अंगावर पुरळ, कानामागच्या गाठी सुजणे, एवढेच. अनेकांना तर लक्षणेही जाणवत नाहीत. मात्र गर्भधारणेच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला संसर्ग झाला, तर तो गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. याच काळात हृदय, डोळे, कान आणि मेंदू घडत असतात. परिणामी गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष घेऊन जन्माला येते. हा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिला. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर अशी सुमारे २० हजार बाळे जन्माला आली.

आईची प्रतिकारशक्ती नेमके काय करते?

लस घेतलेल्या किंवा लहानपणी रुबेला होऊन गेलेल्या आईच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतात. विषाणू शिरताच ती त्याला रक्तातच रोखतात, त्यामुळे तो सहसा वारेपर्यंत पोहोचत नाही. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात खरी, पण पहिल्या तीन महिन्यांत त्यांचे प्रमाण नगण्य असते. ती मोठ्या प्रमाणात जातात शेवटच्या तिमाहीत. गर्भाची स्वतःची प्रतिकारशक्तीही तेव्हा तयार नसते. म्हणजे अवयव घडण्याच्या नाजूक आठवड्यांत बाळाची भिस्त आईच्या रक्तातल्या संरक्षणावरच असते. अनेकींना दिवस गेल्याचे कळते, तोवर यातील काही आठवडे उलटलेले असतात.

हीच प्रतिकारशक्ती बाळाला अपायकारक ठरू शकते का?

काही वेळा ठरते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पुढच्या गरोदरपणात त्यामुळे गर्भाला तीव्र रक्तक्षय होतो. म्हणूनच २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांत ‘अँटी-डी’ इंजेक्शन दिले जाते. ल्युपससारख्या आजारांत आढळणारी ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची यंत्रणा बिघडवतात. असे आजार असलेल्या महिलांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते.

लसीकरण सुरू असताना चिंता कशाची?

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते १५ वर्षांखालील मुलांना लस देण्यात आली. आता नियमित लसीकरणात ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात तिचे दोन डोस मिळतात. पण २००३ च्या अखेरीआधी जन्मलेल्या मुली या मोहिमेत बसल्या नाहीत. आज माता होण्याच्या वयातील बहुसंख्य महिला याच गटातील आहेत. त्यांच्यापैकी अनेकींना बालपणी रुबेला होऊन गेला असेल, काहींनी खासगी दवाखान्यात एमएमआर घेतली असेल. उरलेल्या मात्र असुरक्षित आहेत.

बालकांचे लसीकरण अर्धवट राहिले तर आणखी एक अडचण उद्भवते. विषाणूचा फैलाव मंदावतो, पण थांबत नाही. मग ज्यांना तो लहानपणी गाठतो, त्यांना तो तरुणपणी गाठतो. ग्रीसमध्ये नेमके हेच घडले. तेथे १९७५ च्या सुमारास लस आली, पण पुरेशा मुलांपर्यंत पोहोचली नाही. १९९३ च्या साथीत तरुण महिला बाधित झाल्या आणि जन्मजात रुबेलाची २५ बाळे आढळली. भारताने २०२६ पर्यंत गोवर-रुबेला निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी दोन्ही डोसचे प्रमाण ९५ टक्क्यांवर नेणे गरजेचे आहे.

झिकाच्या बाबतीतही लस आहे का?

नाही. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यात गरोदर महिलाही होत्या. तेथे डास टाळणे, साचलेले पाणी काढणे आणि सोनोग्राफीने गर्भावर लक्ष ठेवणे एवढेच हाती असते. रुबेलासाठी लस उपलब्ध आहे, हा मोठा फरक आहे.

मग काय करावे?

मूल हवे असा विचार सुरू होताच स्त्रीरोगतज्ज्ञांना रुबेलाबाबत विचारावे. रक्तातील आयजीजी चाचणीतून संरक्षण आहे की नाही ते कळते. नसल्यास एमएमआर लस घेऊन किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. आधीच संरक्षण असताना लस घेतली तरी अपाय होत नाही. लस घेतल्यानंतर नकळत दिवस गेले, तर घाबरून गर्भपात करू नये. केवळ त्या कारणासाठी तो सुचवला जात नाही. गरोदरपणात संरक्षण नसल्याचे आढळले, तर पुरळ-ताप असलेल्यांपासून दूर राहावे आणि प्रसूतीनंतर लस घ्यावी. स्तनपान सुरू असतानाही ती चालते. घरातील लहानग्यांचे दोन्ही डोस वेळेवर पूर्ण करावेत. विषाणू घरात येतो तो बहुधा त्यांच्यामार्फतच.