बैहरचे देणे



यंदाच्या अंकाचा विषय आहे राष्ट्रांचे सामर्थ्य. तो दिल्ली-वॉशिंग्टनचा वाटतो. आम्हाला मात्र तो बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरमधून मांडायचा आहे. 1956 पर्यंत हा मुलूख आणि आपला गोंदिया-भंडारा एकाच प्रांतात होता. आजही दिवाळीनंतर इकडे-तिकडे मंडया भरतात, सोयरिकी जुळतात.

धाकाने किंवा पैशाने दुसऱ्याला वाकवणे ही हार्ड पॉवर. आपली संस्कृती, मूल्ये आणि धोरणे पाहून दुसरा आपणहून सोबत येणे ही सॉफ्ट पॉवर. अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी 1990 मध्ये ही मांडणी केली. 2025 मध्ये ते गेले, पण त्यांचा प्रश्न अजून ताजा आहे.

बैहरच्या दोन बाजूंना या दोन्ही शक्ती नांदतात. एकीकडे मलाजखंड, देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण. हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प इथे 1982 पासून आहे. वीजयंत्रणेपासून रडारपर्यंत तांबे लागते. 2023 मध्ये केंद्राने तांब्याला अत्यावश्यक खनिजांच्या यादीत घातले ते उगीच नव्हे. दुसरीकडे मुक्कीच्या फाटकातून कान्हाचे जंगल सुरू होते. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. त्याच अनुभवाच्या पुण्याईवर भारताने 2023 मध्ये मोठ्या मार्जार प्राण्यांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी उभारली. तिथे आपला शब्द वजनदार ठरतो, कारण आपण वाघ राखून दाखवला आहे.

पण राखला कोणी? 1970 मध्ये कान्हात बारशिंगे उरले होते अवघे 66. त्यांना उंच गवत लागते. माद्या पाडसे त्यातच लपवतात, माजावर आलेले नर शिंगांत गवताचे झुबके अडकवून मिरवतात. 1969 मध्ये सौंफ गाव उठवले गेले आणि त्याच्या शेतांवर हे गवत वाढले. पुढे आणखी गावे उठली. बारशिंगा वाचला. जंगल सोडून गेलेल्या बैगा-गोंड आदिवासींच्या घरादारांचा हिशेब मात्र कोणत्याही जागतिक परिषदेत मांडला जात नाही.

नाय यांचे एक सूत्र इथे नेमके लागू पडते: मूल्यांचे बळ तेव्हाच चालते, जेव्हा देश ती मूल्ये घरात पाळतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा आदिवासींचा हक्क मान्य केला. तो सातबाऱ्याइतका पक्का होऊन बैगांच्या हाती पडणे हा केवळ कल्याणाचा विषय नाही, परराष्ट्र धोरणाचाही आहे. बैहरच्या माणसाला जो देश न्यायी वाटत नाही, त्याचा न्याय जगाने का मानावा?

खाणीतले तांबे एक दिवस संपेल. घरच्या न्यायातून मिळालेली पत पिढ्यान्‌पिढ्या पुरते. ती कमवायची तर सुरुवात बैहरपासून व्हायला हवी, असे आम्ही ठामपणे मानतो.



— संपादक